मीठपाण्याचे उंदीर

मावशीनं मला अजून माफ केलेलं नाही, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही केलं नसतं. मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. तळघरात सगळेच तिला मावशी म्हणायचे, वरच्या मजल्यावरची शिकलेली पोरंपोरीसुद्धा. ठेंगणी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि जिभेला हाड नाही. एखादा माणूस तिच्या मनातून उतरला की उतरला. मग त्यानं समोर लोटांगण घातलं तरी ती त्याला ओलांडून पुढे जाणार.

आमचं काम उंदरांचं. संशोधनाची चार मजली इमारत. वर सूक्ष्मदर्शक, काचेच्या नळ्या आणि मोठमोठे फ्रीज, खाली तळघरात आम्ही दोघं आणि हजारभर पांढरे उंदीर. सकाळची पाळी तिची, दुपारनंतरची माझी. आत शिरायचं तर कपडे बदला, टोपी घाला, मास्क लावा, हातमोजे चढवा. मग एकेक पिंजरा काढायचा, ओला भुसा टाकून कोरडा घालायचा, पाण्याची बाटली बदलायची, उंदराचं वजन करायचं, कानातला बिल्ला बघून वहीत लिहायचं. तिनं हे बावीस वर्षं केलं, मी सोळा. माणसं कशानं मरतात ते वरची मंडळी शोधायची, आणि त्या शोधाखालची घाण आम्ही काढायचो.

मी उंदीर शेपटीनं उचलायचो. त्यात वाईट काही नाही बरं का, सगळे तसंच उचलतात, मला शिकवणाऱ्यानंही तसंच शिकवलं. चिमटीत शेपूट, उचल, काट्यावर ठेव, परत पिंजऱ्यात. काम खलास. मावशीचं तंत्रच वेगळं. ती दोन्ही हातांची ओंजळ करून पिंजऱ्यात धरायची आणि थांबून राहायची. उंदीर वास घेत घेत आपणहून हातावर चढायचा. वर तिच्या गप्पा चालू. "ये गं बाई, ये. लाजतेस काय नव्या नवरीसारखी?" पिंजऱ्यात ती पुठ्ठ्याच्या नळ्या ठेवायची, लपायला. कापडाच्या ताग्यात असतात ना, त्या नळ्या. माझी बायको शिवणकाम करते, तिच्याकडून मीच आणून द्यायचो.

"शेपट्या," मावशी मला म्हणायची, "तुला कुणी केसाला धरून उचललं तर चालेल का रे?"

"मावशी, मला उचलायचं तर क्रेन मागवावी लागेल," मी पोट हलवत म्हणायचो. असे आमचे दिवस चालले होते.

आमचे साहेब एका आजारावर काम करत होते. रक्तातून येणारा आजार. बाप गेला त्यानं, तर मुलांपैकी कुणाला होईल सांगता येत नाही. चाळिशी आली की हातपाय आपल्या मनानं हलायला लागतात, मग चाल जाते, मग बोलणं. माझा सासरा त्यानंच गेला. हे मला लग्नाआधी माहीत होतं, सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं, आणि मी कुणाचं ऐकलं नव्हतं. बायकोच्या हातची काजं म्हणजे काय सांगू! यंत्रानं अशी व्हायची नाहीत. एक दिवस तिनं एका कोटाचं काज चारदा उसवलं आणि पाचव्यांदा कोट बाजूला ठेवून दिला. कळायचं ते दोघांना कळलं.

साहेबांनी तोच आजार असलेले उंदीर तयार करवले होते. चार महिन्यांचा झाला की तो उंदीर अडखळायला लागतो. त्याची परीक्षा घ्यायची ती फिरत्या दांड्यावर. दांडा हळूहळू वेग घेतो, उंदीर वर चालत राहतो, आणि पडेपर्यंत सेकंद मोजायचे. आजारी उंदीर चाळीस सेकंदांत खाली. साहेबांचं औषध रोज सकाळी ताजं बनवावं लागे, म्हणून औषधाचे उंदीर सकाळच्या रॅकला, म्हणजे मावशीकडे. तुलनेसाठी दुसऱ्या रॅकला औषधाऐवजी सलाईन टोचायचे, म्हणजे नुसतं मीठपाणी. ते कधीही टोचलं तरी चालतं, म्हणून ते दुपारचे, माझ्याकडे. आपापले उंदीर दांड्यावर नेऊन ठेवायचं कामही ज्याचं त्याचं. यात काही गडबड आहे असं इमारतीतल्या एकाही डोकेबाज माणसाला वाटलं नाही. मग मला कुठून वाटणार?

औषधाचे उंदीर दांड्यावर दोन दोन मिनिटं टिकायला लागले! माझे मीठपाण्याचे धपाधप पडत होते. साहेबांचा फोटो पेपरात आला. बायकोनं ती बातमी तीनदा वाचली आणि मला विचारलं, "तुमचेच ना हे साहेब?" मी छाती फुगवून हो म्हणालो. मग माणसांवर प्रयोग ठरला. साठ जणांची यादी, पाठीच्या कण्यातून महिन्याला एक सुई. यादीत माझ्या बायकोचं नाव नववं.

सुया सुरू व्हायच्या आधीच ती न्हाणीघरात पडली आणि मनगट मोडून घेतलं. मी तीन आठवडे रजेवर. त्या दिवसांत दोन्ही रॅक मावशीनं सांभाळले. मी परत आलो तर तिनं मला हाताला धरून कोपऱ्यात नेलं.

"शेपट्या, तुझे मीठपाण्याचे बघ."

बघतो तर काय, माझे अडखळणारे उंदीर दांड्यावर पावणेदोन मिनिटं चालत होते! औषधाचा थेंब नाही अंगात. नुसतं मीठपाणी, आणि मावशीचे हात.

"औषध-बिवषध काही नाही रे," ती म्हणाली. "घाबरलेला उंदीर पडतो, न घाबरलेला टिकतो. एवढंच आहे."

तिनं साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, बघू. पुढच्या आठवड्यात बाहेरचे पाहुणे तळघर बघायला आले, तेव्हा तिनं चारचौघांत पुन्हा सांगितलं. साहेब हसले. "आमच्या मावशी उंदरांशी गप्पा मारतात. उंदरांनीच सांगितलं असेल त्यांना." सगळे खो खो हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. मावशीनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

साहेबांचा निबंध छापून आला त्यात ते तीन आठवडे नव्हतेच. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे या काळातल्या नोंदी वगळल्या आहेत. बावीस वर्षांत जिनं एका उंदराचा बिल्ला चुकवला नाही, तिची चूक! मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती वर जाऊन साहेबांच्या टेबलावर हात आपटून आली. मग साहेबांनी मला बोलावलं.

"मावशींनी पिंजरे उलटसुलट केले होते. तुम्ही पाहिलंत ना?"

"साहेब, मी रजेवर होतो."

"रजेवरून आल्यावर पाहिलंत." समोर टाईप केलेला कागद होता. साहेब पेनाचं टोपण काढत म्हणाले, "तुमच्या मिसेसचं नाव नववं ना यादीत?"

बस, एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. मी सही केली. हाच तो हात.

आठवड्यात मावशीला काढून टाकलं. तिचा डबा, चपला आणि नळ्यांची पिशवी घेऊन ती फाटकाशी उभी होती. मी मान खाली घालून गेलो तिच्यापुढे.

"तुझं मला कळतं, शेपट्या," ती म्हणाली. "कळतं म्हणजे सोडते असं नाही. पण तुझा नंबर नंतर. आधी तो. तो माणूस माझ्या दारात येईल, आणि मी त्याला बसा म्हणणार नाही. लिहून ठेव."

इकडे बायकोच्या सुया सुरू झाल्या. प्रत्येक सुईनंतर तीन तीन दिवस डोकं असं ठणकायचं की उशीवरून मान उचलता यायची नाही. चौथ्या दिवशी उठायची आणि म्हणायची, "आज जरा बरं वाटतंय हं." मी ते ऐकायचो आणि मनात म्हणायचो, बघ मावशी, सही वाया गेली नाही. इतका निर्लज्ज झालो होतो मी.

पण वर काहीतरी बिनसलं होतं. दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनी तेच औषध करून पाहिलं, त्यांचे उंदीर काही टिकेनात. साहेबांनी आमच्या तळघरात पुन्हा लावलं. मावशीच्या जागी आलेला गडीही शेपटीवालाच, माझाच भाऊबंद. दोन्ही रॅक चाळीस सेकंदांत खाली. साहेबांचं धाबं दणाणलं. प्रयोगाला पैसा पुरवणाऱ्यांनी एक तपासनीस बाई पाठवली. उंच, सुकलेली, स्वतःचं घड्याळ घेऊन आलेली. ती म्हणाली, सगळं पहिल्यासारखं लावा. तेच पिंजरे, त्याच पाळ्या, तीच माणसं.

तीच माणसं! साहेबांनी गाडी काढली आणि वाट दाखवायला मला बरोबर घेतलं. मावशीचं दार उघडंच होतं. ती आत खाटेवर बसून केस विंचरत होती. साहेब उंबऱ्याबाहेर उभे. तिनं गुंता सोडवला, वेणी घातली, कंगव्यातले केस काढून त्यांची गुंडाळी केली. साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर. घाम फुटला होता गड्याला. मला इतकं बरं वाटत होतं की सांगता सोय नाही.

"मावशी, झालं गेलं विसरून..." साहेबांनी सुरुवात केली.

"मी काही विसरत नाही," मावशी म्हणाली. "सोमवारी येते."

सोमवारी तपासनीस बाईंनी आम्हा सगळ्यांना तळघरात उभं केलं. त्यांच्या हातात छापलेला निबंध होता. ती बारीक अक्षरातली ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. "ज्यांची चूक झाली त्या कर्मचारी याच का? मग यांना औषधाच्या रॅकला हात लावू देऊ नका. यांच्याकडे सलाईनचे द्या. पाळ्याही बदला. सकाळी हे गृहस्थ, दुपारी या."

साहेब पटकन म्हणाले, "नाही नाही, मावशी औषधाकडेच बऱ्या."

"का? चूक यांच्याकडूनच झाली होती ना?"

साहेबांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बोलणार काय? मावशीचा हात लागल्याशिवाय औषध चालत नाही, असं? मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. याला माहीत होतं! मावशीनं सांगितलं तेव्हाच पटलं होतं याला. माहीत असून त्यानं ते तीन आठवडे गाडले, माहीत असून माझी सही घेतली, माहीत असून माझ्या बायकोच्या कण्यात चार वेळा सुई घालू दिली. त्या क्षणी हातात काही असतं तर मी काय केलं असतं देव जाणे. हातात भुशाचं घमेलं होतं.

"औषधाचे उंदीर आता तुझ्याकडे," कपडे बदलायच्या खोलीत मावशी मला म्हणाली. तिकडे तोंड करून टोपी घालत होती. "तू ओंजळीनं उचललेस तर दोन्हीकडे सारखेच टिकतील. मग तो पळवाट काढणार, की या खेपेला नीट कळलं नाही, पुन्हा करून बघू, तोवर माणसांचं चालू द्या. तू नेहमीसारखे शेपटीनं उचललेस तर त्याचं औषध मीठपाण्यापुढे हरेल, आणि तो उताणा पडेल. पण मग सुयाही बंद. घरात तुझ्या आजारी माणूस आहे. मी तुला काही सांगणार नाही."

पहिल्या दिवशी, कुणी नाही बघून, मी ओंजळ करून पिंजऱ्यात धरली. वाटलं होतं, माझ्या हातावर कोण चढतंय! पण मिनिटाभरात एक मादी आली, मिशा हलवल्या आणि बसली की अंगठ्याला टेकून. सोळा वर्षं झाली होती मला त्या कामात. मी तिला तशीच खाली सोडली आणि घरी गेलो.

बायकोला सगळं सांगितलं. नळ्या, ओंजळ, दांडा, साहेब. शेवटी सहीचंही सांगितलं. ती खाटेवर बसून ब्लाऊजचं बटण लावायची खटपट करत होती. बटण सुटायचं, ती पुन्हा धरायची.

"मावशीविरुद्ध सही केलीत?"

"तुझ्यासाठी."

"मला विचारलंत?"

मी बटण लावायला पुढे झालो, तिनं माझा हात बाजूला सारला.

"मला काडीचा फरक पडलेला नाही," ती म्हणाली. "पहिल्या सुईपासून नाही. तुम्ही असे तोंडाकडे बघत बसायचा, म्हणून म्हणायचे बरं आहे." मग तिनं बटणाचा नाद सोडला. तिचे डोळे असे तापलेले मी कधी पाहिले नव्हते. "त्या माणसानं माझ्या पाठीत मुद्दाम सुया घातल्या. मुद्दाम! शेपटीनंच उचला. चांगले घट्ट धरून उचला."

आठ आठवडे मी शेपटीनं उचलले. हुकूमच होता ना, सगळं पहिल्यासारखं! मी पहिल्यासारखंच केलं. पण पूर्वी मी ते सवयीनं करायचो, आता दातओठ खाऊन करत होतो. त्या जिवांचा काय दोष होता? काही नव्हता. त्यांना औषधही मिळत होतं आणि माझी चिमटीही.

मोजणीच्या दिवशी सगळी इमारत तळघरात उतरली. बाई घड्याळ घेऊन दांड्याशी बसल्या. माझा पहिला उंदीर अडतीस सेकंदांत पडला. दुसरा एकेचाळीस. तिसरा तर दांड्यावर ठेवताक्षणी मुतला आणि उडी मारून मोकळा झाला. मग मावशी आली, ओंजळीत मीठपाण्याचा उंदीर घेऊन. एक मिनिट झालं. दीड झालं. साहेब भिंतीला टेकले. दोन मिनिटं होऊन गेली तरी तो पठ्ठ्या चालतच होता. खोलीत दांड्याच्या घरघरीशिवाय आवाज नाही. असे वीसच्या वीस.

बाईंनी मावशीला विचारलं, तुम्ही वेगळं काय करता? मावशीनं ओंजळ करून दाखवली. बाईंनी हातमोजे चढवून स्वतः करून पाहिलं, उंदीर चढला. मग त्यांनी वगळलेल्या तीन आठवड्यांची वही मागवली आणि उभ्याउभ्या वाचली.

"ही कर्मचाऱ्याची..." साहेब पुटपुटले.

"बोला की," मावशी म्हणाली. "अडलात का? कर्मचाऱ्याची काय? सगळ्यांसमोर पूर्ण म्हणा."

साहेब जिन्याकडे बघायला लागले. मग मीच पुढे झालो. म्हणालो, माझी सही खोटी आहे, मी काही पाहिलं नव्हतं, माझ्याकडून ती कशी घेतली तेही सांगतो. आणि सांगितलं. बायकोच्या नावाचा नंबर सांगितला तेव्हा बाईंनी लिहिणं थांबवून साहेबांकडे पाहिलं. साहेब जिन्याकडे निघाले तर गर्दीतल्या कुणी वाट दिली नाही, त्यांना खांदे चुकवत जावं लागलं. काय गोड वाटलं म्हणून सांगू! महिन्याभरात त्यांची खुर्ची गेली, निबंध मागे घेतला, आणि त्या बारीक ओळीबद्दल मावशीच्या नावे लेखी माफी आली. मावशीनं ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली, तिसऱ्यांदा जिन्यात उभं करून, मोठ्यानं. वाचून झाल्यावर कागद घेतला आणि मला ओलांडून निघून गेली. माझा नंबर लागला होता.

माणसांचा प्रयोग बंद झाल्याचं पत्र घरी आलं ते मीच बायकोला वाचून दाखवलं. "जिरली की नाही?" मी म्हणालो. "जिरली," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो. त्या दिवशी किती दिवसांनी मी पोटभर जेवलो.

पुढच्या बुधवारी सकाळी मी उठलो तर ती तयार होऊन बाहेरच्या खोलीत बसलेली. इस्त्रीचे कपडे, केस नीट बांधलेले, मांडीवर हॉस्पिटलची फाईल. बटणं सगळी लावली होती. किती वाजता उठली असेल कोण जाणे. सातव्या सुईची तारीख होती ती.

"अगं, बंद झालं ना ते," मी म्हणालो.

"माहीत आहे मला." हात हलू नयेत म्हणून तिनं ते फाईलखाली दाबून धरले होते. "पण एखादी राहिली असेल तर? विचारून तर बघू या, अहो. विचारायला काय जातं?"

मी चपला घातल्या.